सोळुंके सरांचा निर्णय

परिक्रमा यानाची हजेरी सकाळी नऊ चाळीसला यायला लागली आणि तिसऱ्या ओळीशीच ऋतुजा होळंबे खुर्चीतून उठून उभी राहिली.

हजेरी हा केंद्रातला रोजचा शब्द. अंबाजोगाईबाहेरच्या माळावर सत्तर मीटरची अँटेनाची तबकडी होती. ती युरेनसकडे तोंड करून बसली की यानाचा एकेक भाग आपापली प्रकृती कळवायचा. टाकीत दाब किती, कुठला हीटर चालू, कॅमेरा किती गार. बहुतेक दिवशी या हजेरीत नवीन असं काहीच नसे. तीन वर्षं यान त्या ग्रहाभोवती फिरत होतं. परिचालन प्रमुख म्हणून ऋतुजाचं काम म्हणजे तेच आकडे रोज वाचायचे, पुढच्या आठवड्याचे आदेश जुळवायचे, दोघांकडून तपासून घ्यायचे, पाठवायचे आणि वाट बघायची.

आज मात्र तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं: चाक तीन, वेग शून्य.

"शून्य म्हणजे?" मागून तहसीन काझीनं विचारलं. ती यानाच्या कॅमेऱ्यांची शास्त्रज्ञ. एरियल या चंद्राजवळून यान जाणार होतं ते आजच, आणि त्या पाऊण तासासाठी तहसीननं चार वर्षं घालवली होती.

"अडकलं," ऋतुजा म्हणाली. "फिरता फिरता जाम झालं."

यानाला वळवायला पोटात चार जड चाकं असतात. चाक एका बाजूला फिरलं की यान दुसऱ्या बाजूला वळतं. भर वेगातलं असं चाक अचानक अडकलं तर त्याचा सगळा जोर यानावर येतो. पुढच्या ओळींत तेच उलगडत गेलं. यान एकोणीस मिनिटं गरगरलं. सावरता सावरता तिसरा हिस्सा इंधन गेलं. हिसक्यानं मोठ्या कॅमेऱ्याचा आरसा तडकला.

करण्यासारखं काही नव्हतं. युरेनसहून निरोप यायला दोन तास चाळीस मिनिटं लागतात. त्या खोलीतली आठ माणसं जे बघत होती ते केव्हाच घडून गेलं होतं.

"चाक तापत होतं का आधी?" तहसीननं विचारलं.

ऋतुजानं मागचे आकडे काढले. चाक दीड तास तापत होतं. यानावरच्या कारभाऱ्याला ते दिसलंही होतं. त्यानं नोंद केली होती: चाक थांबवलं तर एरियल हुकेल. चालू ठेवतो.

"कारभाऱ्यानं ठरवलं?"

"हो."

"मग त्याला असं ठरवायला शिकवलं कुणी?"

ऋतुजाला उत्तर माहीत होतं.

*

कारभारी हे यानावरच्या निर्णययंत्राचं लाडाचं नाव. यानानं अडचण कळवायची, इथून उत्तर जायचं, यात सव्वापाच तासांहून जास्त वेळ जातो. तेवढ्या वेळात यानाचा निकाल लागू शकतो. म्हणून निर्णय यानावरच व्हावा लागतो. पण निव्वळ नियम लिहून भागत नाही, कारण अडचणी नियमांत बसतील अशा येत नाहीत. तेव्हा असं केलं गेलं की एका कसलेल्या माणसाचे निर्णयच यंत्राला शिकवायचे. काय दिसलं, त्यानं काय केलं, किती वेळ थांबला, कशाला घाबरला, सगळं. असे हजारो प्रसंग गिळल्यावर नव्या प्रसंगात तो माणूस काय करेल ते यंत्र सांगू लागतं.

देशात त्या सुमाराला अशी यंत्रं पुष्कळ झाली होती. ती चुकली की सगळे हात वर करून "यंत्रानं केलं" म्हणत. म्हणून कायदा आला. प्रत्येक निर्णययंत्रामागे एका जिवंत माणसाचं नाव नोंदलेलं पाहिजे. यंत्र चुकलं आणि ती चूक त्या माणसाच्या शिकवणीतून आली असं ठरलं, तर त्याची सगळी शिकवण पुसायची.

परिक्रमेच्या कारभाऱ्यामागे नाव होतं नागनाथ सोळुंके यांचं. बावीस वर्षं कन्सोलवर, एकतीस हजार निर्णय. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी कन्सोल सोडला आणि चार वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. ऋतुजाला कन्सोलवर बसायला शिकवलं ते त्यांनीच.

चौकशी समितीला मूळ सापडायला दोन दिवस लागले. समितीचे अध्यक्ष डॉ. वीरभद्र मठपती यांनी ऋतुजाला बोलावून कागद दाखवला.

"तापणाऱ्या चाकाचा प्रसंग एकतीस हजारांत एकदाच आलाय," ते म्हणाले. "अकरा वर्षांपूर्वी, यान गुरूजवळून जात होतं तेव्हा. सोळुंक्यांनी चाक चालू ठेवलं. ते टिकलं, गुरूची छायाचित्रं मिळाली, त्यांना पदक मिळालं. एकुलतं एक उदाहरण, तेही यशस्वी. यंत्रानं ते घट्ट धरून ठेवलं."

"आता?"

"शिकवण पुसायची. शुक्रवारी आदेश जाईल. त्यानंतर यान प्रत्येक बारीकसारीक गोष्टीला थांबून आपल्याला विचारेल."

"सर, युरेनसच्या कड्यांच्या धुळीत ते असं वर्षभरही टिकणार नाही."

"कायदा आहे, होळंबे. माणसाचा निर्णय सदोष ठरला की माणूस सदोष ठरतो. एखादाच निर्णय वगळता येतो, पण केव्हा? तो त्या माणसाचा नव्हताच असं सिद्ध झालं तर."

ऋतुजा बाहेर व्हरांड्यात आली आणि कठड्याला धरून उभी राहिली. तो निर्णय सोळुंके सरांचा नव्हता. तो तिचा होता.

*

सर घाटाकडच्या रस्त्याला राहत. घरामागे सीताफळाची चाळीसेक झाडं होती. ती गेली तेव्हा ते डोळे उघडलेली फळं वेचून टोपलीत ठेवत होते.

"ये गं. चाक अडकलं म्हणे?"

"सर, सत्तावीस मार्च आठवतो?"

त्यांचा हात फळावरच थांबला. "तो कसा विसरेन?"

त्या दिवशी दुपारी एकला सरांना दवाखान्यातून फोन आला होता. त्यांच्या पत्नी, शालनकाकू, महिनाभर तिथं होत्या. पाळी सोडायची तर बदली माणूस येईपर्यंत थांबावं लागे, आणि बदली लातूरहून यायची होती. सरांनी आपली ओळखपट्टी कन्सोलमध्ये तशीच ठेवली, सत्तावीस वर्षांच्या शिकाऊ ऋतुजाला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, अर्ध्या तासात येतो, कशालाही हात लावू नकोस. अर्ध्या तासाचे पावणेचार तास झाले. त्यातच चाक तापलं. थांबवायचा आदेश पहिल्या तासात गेला तरच उपयोग होता. ऋतुजानं आदेश लिहिला, खोडला, परत लिहिला. शेवटी खोडला आणि नोंद केली: चालू ठेवतो. "ठेवते" लिहिलं असतं तर बिंग फुटलं असतं.

"मी सांगणार आहे समितीला," ती म्हणाली. "तुमचा निर्णय नव्हता हे कळलं तर तेवढाच एक काढतील. बाकी सगळं वाचेल. तुमचं काम आणि यान, दोन्ही."

"आणि तुझं?"

"दुसऱ्याच्या नावानं कन्सोल चालवला. कायमची बंदी येईल."

सर बाजेवर बसले. बराच वेळ ते हातातलं फळ फिरवत राहिले.

"सांगू नको," ते म्हणाले.

"सर, तुमची बावीस वर्षं पुसतील!"

"पुसू देत. तुला एक ठाऊक नाही. मी परत आलो तेव्हा तू विचारलंस, काकू कशा आहेत. मी म्हणालो, आहे तशीच."

"हो. संध्याकाळी गेल्या ना त्या."

"ती चार वाजता गेली, ऋतुजा. पावणेपाचला मी खुर्चीवर होतो."

मागे कुठंतरी पाण्याची मोटर चालू होती. ऋतुजाला तिच्याखेरीज काही ऐकू येईना.

"आमची मेघना नांदेडहून निघाली होती. ती पोचेपर्यंत तिथं बसून काय करायचं ते मला कळेना. डॉक्टर म्हणाले, कागदपत्रांना दोन तास लागतील. मी गाडीला किक मारली आणि केंद्रात आलो. तिथं निदान एक तापमान उतरताना दिसत होतं." त्यांनी फळ टोपलीत ठेवलं. "सातला पाळी संपवली, मग दवाखान्यात गेलो. मेघना आठला आली. मी तिला सांगितलं, आत्ताच गेली, माझा हात धरून. अकरा वर्षं पोरगी त्यावर जगतीय. आता समिती काय लिहील? सोळुंके एक ते पावणेपाच गैरहजर. दवाखान्याचं दप्तर मागवतील. वेळ जुळवतील. बायको मेल्यावर माणूस नोकरीवर गेला, हे माझ्या लेकीनं सरकारी अहवालात वाचायचं?"

ऋतुजा उठली तेव्हा सरांनी पिशवीत सहा सीताफळं घालून दिली. नेहमी देत तशीच.

*

सुनावणी गुरुवारी दुपारी होती. सर धुतलेला पांढरा शर्ट घालून आले आणि विचारलं जायच्या आधीच म्हणाले, "निर्णय माझा आहे. चुकला. जबाबदारी माझी."

मठपतींनी लिहून घेतलं. तहसीन खाली मान घालून बसली होती. ऋतुजानं तिच्याकडे बघितलं, मग सरांकडे. रात्रभर तिनं स्वतःला बजावलं होतं की गप्प बसायचं. पण तिच्या डोळ्यांपुढं सारखं ते यान येत होतं. तिनं अकरा वर्षं ज्याची हजेरी घेतली होती ते यान उद्यापासून प्रत्येक धुळीच्या कणापाशी थांबून विचारणार, आणि उत्तर पोचायच्या आत संपणार. शिवाय एक साधी गोष्टही होती. चूक तिची होती, आणि शिक्षा तिच्यासमोर दुसरा माणूस घेत होता.

"साहेब, तो निर्णय मी घेतला होता," ती म्हणाली, आणि सगळं सांगितलं. सर कुठं गेले होते ते तेवढं सांगितलं नाही. घरगुती कारण, एवढंच म्हणाली.

सर वळले. त्यांचा चेहरा शांत होता. "ही मुलगी मला वाचवायला खोटं बोलतीय. मी शिकवलंय तिला, जीव आहे तिचा माझ्यावर. मी त्या दिवशी खुर्ची सोडली नाही."

खोलीत कुजबुज झाली. मठपतींनी चष्मा काढून पुसला. दोन माणसं, दोन जबाब, आणि कागदावर नाव एकाचंच.

"तपासता येईल," तहसीन एकदम म्हणाली. "जुळ्याला विचारू."

यानावरच्या कारभाऱ्याची एक हुबेहूब प्रत केंद्रात होती. तिला जुळा म्हणत. तहसीनचं म्हणणं सोपं होतं. जुळ्याच्या शिकवणीतून तो एक निर्णय काढायचा. उरलेल्या एकतीस हजारांवरून त्याला सोळुंके घडवू द्यायचे. मग गुरूजवळचे तेच आकडे समोर ठेवून विचारायचं, सोळुंके काय करतील?

त्याला चाळीस मिनिटं लागली. कुणी चहाला गेलं नाही. उत्तर पडद्यावर आलं: चाक थांबवतील. शक्यता शंभरात सत्त्याण्णव. खाली जुळ्यानं कारणंही दिली होती. हा माणूस तापमानावर कधी जुगार खेळत नाही. छायाचित्रांसाठी यंत्र पणाला लावल्याचं एकही उदाहरण नाही. संशय आला की थांबतो.

मग त्याच आकड्यांवर ऋतुजाच्या सुरुवातीच्या वर्षांतले निर्णय लावून बघितले. उत्तर आलं: चालू ठेवतील.

मठपती हळू आवाजात म्हणाले, "सोळुंके, हे तुम्ही नव्हता."

सर उभे राहिले. पडद्यावरच्या त्या ओळींकडे ते असे बघत होते, जसं कुणी आपल्या घरात शिरून आपलीच कपाटं उघडून दाखवावीत.

"एखाद्या दिवशी माणूस वेगळं वागू शकत नाही का, साहेब?" त्यांनी विचारलं. "एकदाही नाही?"

"वागू शकतो."

"मग?"

"मग तुम्ही सांगा. शपथेवर. त्या दिवशी तुम्ही खुर्चीवर होता?"

सरांचे ओठ हलले. त्यांनी ऋतुजाकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं. मग ते खाली बसले आणि पुढं एकाही प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं नाही.

*

अहवाल पंधरा दिवसांनी जाहीर झाला. ऋतुजावर कन्सोलची कायमची बंदी आली. पदक परत मागवलं गेलं. तो एक निर्णय काढून कारभाऱ्याला नव्यानं घडवलं आणि तीन तुकड्यांत यानाकडे पाठवलं. पान चौदावर एक ओळ होती. मूळ निर्णयकर्ता दुपारी एक वाजून पाच मिनिटांपासून चार पंचेचाळीसपर्यंत गैरहजर. तळटीपेत दवाखान्याच्या दप्तराचा हवाला होता, वेळेसकट.

ऋतुजा तंत्रनिकेतनात शिकवायला लागली. मुलं चांगली होती, काम बरं होतं. सकाळी नऊ चाळीसला मात्र तिचा हात फळ्यावर थबकायचा. सरांना तिनं चार वेळा फोन केला. त्यांनी उचलला नाही.

सहा महिन्यांनी एका रविवारी तहसीन तिच्याकडे आली. तिच्या हातात कागदांची चळत होती.

"टायटेनिया, तो दुसरा चंद्रही हातचा गेला," ती म्हणाली. "परवा पहिलं चाक तापलं. कारभाऱ्यानं लगेच थांबवलं. यान सुखरूप आहे, आणि माझ्याकडं दाखवायला लहान कॅमेऱ्याचंसुद्धा एक चित्र नाही. केंद्रात सगळे म्हणतात, सोळुंके सरांनी थांबवलं." ती हसली, पण हसण्यात काही नव्हतं. "मी तुझ्यावर चिडले नाहीय. चिडायचं कुणावर तेच कळत नाही."

तहसीन गेल्यावर ऋतुजानं ते कागद पिशवीत घातले आणि ती घाटाकडच्या रस्त्याला लागली.

सरांनी दार उघडलं. वाळले होते. क्षणभर वाटलं, तसंच लावून घेतील.

"या," ते म्हणाले. "बसा."

अकरा वर्षांत त्यांनी तिला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. ती खुर्चीच्या कडेवर बसली. त्यांनी पाणी आणून दिलं आणि समोर बसले.

"मेघना कशी आहे?" तिनं विचारलं.

"फोन करत नाही." जरा थांबून ते म्हणाले, "एकदा आली होती. एवढंच विचारलं, बाबा, आई एकटी होती का दोन तास. मी हो म्हणालो. मग गेली."

ऋतुजाला माफी मागायची होती. ती वाक्यं तिनं रस्ताभर जुळवली होती. त्याऐवजी तिनं पिशवीतून कागद काढून त्यांच्यापुढं ठेवले.

"परवाचे आकडे आहेत. पहिलं चाक. कारभाऱ्यानं थांबवलं. सगळे म्हणतात, तुम्ही थांबवलं."

सर हात लावतील असं तिला वाटलं नव्हतं. पण त्यांनी चष्मा शोधला. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, परत पहिल्यावर आले. बोट एकेका ओळीवरून सरकत होतं. मोटर किती वीज ओढते, थरथर किती, तापमान कोणत्या चालीनं चढतं. तिला ते बोट ओळखीचं होतं. याच बोटामागून जात जात ती वाचायला शिकली होती.

"थरथर वाढलेली नाही," ते अखेर म्हणाले. "वीजही तेवढीच ओढतंय. ग्रीस जिवंत आहे याचं. नुसतं गरम झालंय, दमलेलं नाही." त्यांनी चष्मा काढला. "मी चालू ठेवलं असतं."

ऋतुजा त्यांच्याकडे बघत राहिली. "खरंच, सर?"

"आता ते कुणाला कसं कळणार?" ते म्हणाले. "मला कुणी विचारत नाही. विचारायचं असलं की ते त्यालाच विचारतात, सोळुंके काय म्हणतील." त्यांनी कागदांची चळत सरळ केली. "तो सोळुंके अकरा वर्षांमागचाच आहे हो. त्याची बायको जिवंत आहे."

बाहेर कुणीतरी झाडांना पाणी सोडत होतं. मग ऋतुजा उठली. सर तिला फाटकापर्यंत सोडायला आले. कागद अजून त्यांच्याच हातात होते, आणि तिनं ते परत मागितले नाहीत.

"हे अर्धवट आहेत," फाटकाची कडी लावताना ते म्हणाले. "शेवटच्या वीस मिनिटांची थरथर यात नाही. मिळाली तर घेऊन या."